शेपूची भाजी आणि दुकानाची पाटी

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेलो होतो: "सुंदर काय ते ज्याचं त्यानं ठरवावं, असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा भांडण टाळत असतो." त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यायचाच नाही, असं संपादकबाईंनी ठरवून टाकलं. नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी कोल्हापूरचा. १९७२ पासून एकतीस वर्षं दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फळ्या आणि शाळांच्या भिंती रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर ब्रश धुऊन ठेवला आणि एका छापखान्यात लग्नपत्रिका, बिलबुकं, लेबलं लावत बसलो. कॉलेजची पायरी चढलेलो नाही, त्यामुळे उत्तरं हाताची आहेत. जिथं ऐकीव किंवा वाचलेलं सांगतोय, तिथं तसं म्हणेन.

प्रश्न: पेंटरकाका, मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावच्या कुस्ती मैदानाचं पोस्टर केलं होतं. सरांनी "वाचता येत नाही, अक्षरं बसलेली नाहीत" म्हणून परत दिलं. मी म्हटलं, "सर, ज्याची त्याची नजर." सर नुसते हसले. माझं काय चुकलं?
– एक विद्यार्थिनी, सांगली

बाळ, तुझं पोस्टर मी पाहिलेलं नाही, तेव्हा सरांची बाजू घेत नाही. पण वाक्य बरोबर होतं, जागा चुकली.

माझी पहिली स्वतंत्र पाटी सांगतो. लक्ष्मीपुरीत एक खानावळ निघणार होती. उस्ताद म्हणाले, आज तू कर, मी चहा पिऊन येतो. मी सुतानं रेघा मारल्या, खडूनं अक्षरं आखली आणि जरा ऐटीत, मोकळी ढाकळी सोडली. 'ख'चा पुढचा भाग आणि मागचा गोळा यांच्यात छान हवा खेळती ठेवली. शिडीवर बसून मला ते इतकं देखणं दिसत होतं की काय सांगू! खाली उतरलो, रस्ता ओलांडला, मागं वळून पाहिलं, तर पाटीवर लिहिलं होतं 'रवानावळ'. मालक पायरीवरच उभा होता. म्हणाला, "गिऱ्हाईक आत यायच्या आधीच रवाना करतोस व्हय रं?"

'ख' हा पेंटरांचा जुना वैरी. म्हणूनच त्याच्या 'र'ची शेपटी खालून 'व'ला जोडतात, नाहीतर 'खाना'चा 'रवाना' व्हायला वेळ लागत नाही. आता मुद्दा बघ. त्या दिवशी रस्त्यावरनं जाणाऱ्या एकालाही ती खानावळ वाटली नाही. भाजीवाली, पोस्टमन, सायकलवरचा पोरगा, सगळ्यांनी एकच वाचलं. तिथं ज्याची त्याची नजर नव्हती. सगळ्यांची मिळून एक नजर होती.

अशा बऱ्याच गोष्टी आहेत. 'गणेश' लिहायला घे. ग, ण, श तिघांच्याही पोटात काना सुटा उभा असतो, म्हणजे फट आधीच आहे. अक्षराअक्षरात पट्टीनं मोजून सारखं अंतर सोडलंस तर शब्द दात पडल्यासारखा दिसतो. पट्टी सांगते बरोबर, डोळा सांगतो चूक, आणि पाटीवर डोळ्याचं चालतं. गोल अक्षर, 'ठ' म्हण, बाकीच्यांच्या बरोबरीनं काढलं तर बारकं दिसतं. ते रेघेच्या किंचित खाली उतरवावं लागतं, तेव्हा कुठं बरोबरीचं वाटतं. शेड मारतानाही तसंच. सावली खाली पडली तर अक्षर उठून येतं, वर पडली तर आत खोदल्यासारखं दिसतं, कारण उजेड वरून येतो हे डोळ्यानं जन्मापासून धरून ठेवलेलं आहे. हे नियम कुणी समिती बसवून केलेले नाहीत. शिडीवरून उतरून, मागं जाऊन, डोळे बारीक करून बघणाऱ्यांना ते सापडलेले आहेत.

त्याच खानावळीच्या पाटीवर दुसरं भांडण झालं ते रंगाचं. मालकाला पिवळ्यावर लाल अक्षरं आणि वर हिरवी शेड हवी होती. उस्ताद म्हणाले, हे जत्रेतल्या पाळण्यासारखं दिसेल. मालक म्हणाला, मग जत्रेतलाच पाळणा करा, लोक पाळण्याकडेच बघतात. पैसे त्याचे, तो जिंकला. त्यात कोण बरोबर होतं हे मला पन्नास वर्षांनी पण ठरवता आलेलं नाही.

आता शेपूची भाजी. मला ती आवडत नाही, बायकोला फार आवडते. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, त्यावर एकदाही वाद झाला नाही. ती शेपू खाते, मी लोणच्याची बरणी ओढतो. पण समोरच्या इमारतीला जांभळा रंग दिला त्या दिवशी आम्ही दोघं संध्याकाळभर तंडलो. ती म्हणे किती छान, मी म्हणे डोळे फुटले काय लोकांचे. का बरं? शेपूबद्दल मी "मला आवडत नाही" म्हणतो आणि गप्प बसतो. रंगाबद्दल मी तसं म्हटलंच नाही. मी म्हटलं, "वाईट दिसतंय." म्हणजे तिलाही ते वाईटच दिसलं पाहिजे, असा माझा हट्ट. संपादकबाई सांगतात की कान्ट नावाच्या जर्मन पंडितानं १७९० साली नेमका हाच फरक लिहून ठेवलाय, फक्त त्यानं शेपूऐवजी दारूचं उदाहरण घेतलं. असो, ज्याच्या त्याच्या ताटात जे असतं ते.

तुझ्या सरांनी "मला आवडलं नाही" म्हटलं असतं तर तुझं उत्तर चाललं असतं. ते म्हणाले, "वाचता येत नाही." याची परीक्षा घेता येते. पोस्टर भिंतीला लाव. आमच्या धंद्यातला ठोकताळा दहा फुटाला एक इंच उंचीच्या अक्षराचा. त्या हिशेबानं मागं जा. ज्यानं ते आधी पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी उभं कर आणि पैलवानांची जोडी, तारीख, इनाम वाचून दाखव म्हण. अडखळला तर घरी जाऊन नीट कर. धडाधड वाचलं, तर सरांकडे परत जा आणि मनसोक्त भांड.

प्रश्न: आमचं गुऱ्हाळ पन्हाळा तालुक्यात आहे. रसायन न घालता गूळ करतो. मी पुण्याच्या एका डिझायनर मुलीकडून एक किलोच्या खोक्याचं डिझाइन करून घेतलं: खाकी कागद, तपकिरी बारीक अक्षरं, कोपऱ्यात उसाचं एक पान, बाकी सगळं मोकळं. वडील म्हणतात, "हे सिमेंटचं पोतं झालं, गूळ कुठाय?" त्यांना पिवळंधमक खोकं, लाल अक्षरं आणि लक्ष्मी पाहिजे. घरात दोन महिने हेच चाललंय. कोण बरोबर?
– एक गूळ उत्पादक

तुमचं पत्र वाचून मला गुळाच्या सौद्याची आठवण झाली. शाहूपुरीत मी पुष्कळ अडत दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तुमचे वडील ज्या बाजारात वाढले तिथं गुळाचा रंग हाच गुळाचा भाव. रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडला की व्यापारी आधी रंग बघणार, चव मागाहून. पिवळा, सोनेरी निघाला तर बोली चढणार, काळपट निघाला तर नाक मुरडणार. म्हणून तर काहिलीत भेंडीचा चिकट रस घालून मळी काढायची, रस निवळ करायचा. आणि ज्यांना तेवढ्यानं समाधान नव्हतं, त्यांनी हायड्रॉसची, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाची, पुडी जवळ केली. पिवळ्या रंगाचा एवढा लळा!

आता तुमचं गिऱ्हाईक बघा. पुण्या-मुंबईच्या माणसानं कुठंतरी वाचलं की पिवळ्या गुळात रसायन असतं. झालं, काळपट तपकिरी गूळ त्याला एकदम 'अस्सल' दिसायला लागला. ज्या रंगाला सौद्यात कुणी विचारत नव्हतं, तो आता जास्त पैसे देऊन उचलला जातो. (खरं तर नुसता काळा रंग शुद्धतेचा दाखला नाही. पाक जास्त भाजला तरी गूळ काळाच होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.) ऊस तोच, जीभ तीच. डोळ्याला शिकवणारा बदलला.

म्हणून म्हणतो, वडिलांना पिवळा सुंदर दिसतो आणि त्या मुलीला खाकी सुंदर दिसतो, ते दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांना तो रंग काहीतरी सांगतो. वडिलांना सांगतो, 'उत्तम माल'. तिला सांगतो, 'भेसळ नाही'. रंगाचं हे असंच असतं. मंगल कार्यात आपण काळं टाळतो, आणि संक्रांतीला मुद्दाम काळी चंद्रकळा नेसवतो, वर हलव्याचे दागिने घालतो. काळ्यावर तो पांढरा काटेरी हलवा काय उठून दिसतो! त्या दिवशी कुणाला काळा अशुभ वाटत नाही. रंग तोच, दिवस वेगळा.

लक्ष्मीचं मात्र मला वेगळं सांगायचंय. वडिलांच्या डोळ्यासमोर जी लक्ष्मी आहे, कमळात उभी, चार हात, शेजारी हत्ती, ती बहुधा रवि वर्म्याच्या चित्रातली आहे. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथनं ही चित्रं घराघरात देव्हाऱ्यावर जाऊन बसली. पणजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तीच पाहिली, म्हणून आता दुसऱ्या चेहऱ्याची लक्ष्मी काढली की लोक म्हणतात, "ही लक्ष्मी वाटत नाही." मी एकदा एका कापड दुकानासाठी आमच्या गल्लीतल्या बायकांसारखी सावळी, ठसठशीत लक्ष्मी काढली होती. मालकानं दुसऱ्या दिवशी ती पुसायला लावली. मला अजून वाटतं ती चांगली होती. खोक्यावर मात्र देवी नको, हे माझं मत. खोकं शेवटी कचऱ्यात जातं, आणि ते टाकताना घरातली बाई दहा वेळा अडखळते.

एवढं झाल्यावर वडिलांच्या तक्रारीतला खरा भाग. "गूळ कुठाय?" हा प्रश्न आवडीचा नाही, तो दिसण्याचा आहे. खाकीवर तपकिरी, तेही बारीक अक्षरात, हे त्या मुलीनं कॉम्प्युटरच्या उजळ पडद्यावर मोठं करून पाहिलं असणार. ऑफसेटची शाई पारदर्शक असते. खाली पांढरा कागद असेल तरच रंग उजळतो. खाकी कागद शाई पितो, रंग मळतो, आणि देवनागरीतल्या बारीक गाठी, मात्रा, रफार भरून जातात. दुकानाच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, तुमच्या वडिलांनाच नाही, त्या मुलीलाही ते वाचता येणार नाही.

तेव्हा खाकी ठेवा. मोकळी जागाही ठेवा, ती चांगली आहे. 'गूळ' हा शब्द मात्र तळहाताएवढा करा, जाड ठशात, जवळजवळ काळ्या रंगात. आणि स्थानिक बाजारासाठी तेच खोकं घेऊन वर पिवळा कागदी पट्टा चढवा, त्यावर वडिलांची लाल अक्षरं. दोन वेगळी खोकी छापायचं म्हटलं तर प्लेटांचा खर्च दुप्पट होतो, पट्ट्याचं काम स्वस्तात होतं. दोन महिन्यांचं भांडण मिटेल का ते माहीत नाही. माझ्या अनुभवानं ते खोक्यावरून नसतंच.

प्रश्न: लोगो करताना १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर वापरलं की रचना सर्वांनाच सुंदर वाटते, असं क्लासमध्ये शिकवलं. खरं आहे का?
– लोगो करणारा तरुण, नाशिक

फेक्नर नावाच्या जर्मन माणसानं १८७६ साली लोकांपुढे दहा आयत ठेवून आवडता निवडा म्हटलं. साधारण पस्तीस टक्के लोकांनी १.६१८ वाला निवडला. इतर कुठल्याही आयतापेक्षा जास्त, हे खरं. उरलेल्या पासष्ट टक्क्यांनी दुसरंच काहीतरी निवडलं, हे सांगायला क्लासवाले विसरतात. नंतर अनेकांनी तसले प्रयोग केले, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

मी आयुष्यभर ज्या आकारांत काम केलं ते कागदानं ठरवले. क्राऊन पुस्तक ५ बाय साडेसात इंच, म्हणजे दीडपट. डेमी साडेपाच बाय साडेआठ, दीडपटीहून जरासं जास्त. ए-फोर १.४१४. आणि लग्नपत्रिकेचा आकार ठरतो तो एका तावात किती बसतात आणि किती कातरण वाया जातं यावर. कुणी वधूपिता माझ्याकडं येऊन "गुणोत्तर चुकलं" म्हणाला नाही. मामाचं नाव राहिलं म्हणून मात्र पुष्कळ आले.

प्रश्न: मी तिसरीला शिकवते. मुलांना पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवायला देते, पण घरी मोबाईलवर त्यांना हिंदी वळणाचा, दांडीचा ल आणि गाठीचा श दिसतो. एका पालकांनी विचारलं, "मॅडम, आमच्या मुलाचा ल मोबाईलसारखा छान का येत नाही?" मला तो दांडीचा ल बघवत नाही. हा माझा हट्ट, की तो खरंच कुरूप आहे?
– शिक्षिका, जालना जिल्हा

बाई, बघवत तर मलाही नाही. पण कुरूप म्हणायला जीभ रेटत नाही, त्याचं कारण एक ट्रकवाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उत्तर प्रदेशचा एक ड्रायव्हर माल उतरवून दोन दिवस अडकला होता. त्यानं केबिनवर 'लखनऊ' लिहून मागितलं. मी आपला भरदार पाकळीचा ल काढला, दोन पाकळ्या, वरून देठ, एकदम डौलदार. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "उस्ताद, ये क्या फूल बना दिया?" मी पुसून दांडीचा काढला. तो खूश झाला, "हां, अब ठीक है." मला तो ल लंगडा दिसत होता आणि त्याला माझा ल फुलबाजी वाटत होता. एकच शिडी, एकच डबा, एकच अक्षर.

आपल्या बाजूनं शासन आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलेला आहे, तेव्हा वर्गात तुम्ही शिकवता ते योग्यच. पण मोबाईलमध्ये दोन्ही ल एकाच क्रमांकावर बसलेले आहेत. चेहरा कुठला दाखवायचा ते फाँट ठरवतो, आणि बरेच फाँट मुळात हिंदीच्या वळणाचा दाखवतात. गंमत म्हणजे कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं दिसणारा 'मंगल' फाँट आपल्याच र. कृ. जोशींनी केलेला, आणि त्यातही ल दांडीचाच दिसतो. हा अंक छापील वाचत असाल तर इथं पाकळी दिसेल. फोनवर वाचणाऱ्यांना काय दिसतंय ते त्यांचा फोन जाणे.

आमच्या छापखान्यातल्या तरुण ऑपरेटरनं मला एक प्रयोग वाचून दाखवला होता. झायन्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली ज्यांना चिनी येत नाही अशा विद्यार्थ्यांना चिनीसारखी दिसणारी चिन्हं दाखवली, काही एकदोनदा, काही पुन्हा पुन्हा. मग विचारलं, यांचा अर्थ चांगला असेल की वाईट? जी जास्त वेळा डोळ्यांखालून गेली होती, त्यांचा अर्थ चांगलाच असणार असं मुलांना वाटलं. अर्थ कुणालाच माहीत नव्हता! आपला ल तसाच. आपण तो पाटीवर, पंचांगात, आईच्या पत्रात हजारदा पाहिला, म्हणून तो चांगला.

तरी मी हट्ट सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. नजर सवयीनं घडली म्हणून ती खोटी ठरत नाही. बोरूचंच बघा. देवनागरीच्या बोरूचा काप इंग्रजीच्या टाकापेक्षा उलट्या तिरक्या बाजूला असतो. इंग्रजी निब घेऊन कुणी 'श्री' काढला की जाड-बारीक उलटं पडतं. ज्यानं बोरू हातात धरलेला नाही त्यालासुद्धा तो श्री बघून चुटपुट लागते. काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे कळतं. ही नजर पिढ्यांनी मिळून कमावलेली आहे.

त्या पालकांना सांगा, मुलाचा ल मोबाईलसारखा येत नाही कारण मुलगा आठ वर्षांचा आहे.

प्रश्न: हॉलला रंग द्यायचाय. दुकानातल्या कार्डावर पसंत केलेला पांढरा मला घरात निळसर वाटतो, सासूबाईंना तो "छान दुधाळ" वाटतो, मुलगा म्हणतो दोघींच्या डोळ्यांत काहीतरी आहे. रंग तर एकच आहे ना?
– गृहिणी, ठाणे

ताई, मुलगा गमतीनं म्हणाला असेल, पण बरोबर म्हणाला.

२०२१ साली माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिन्यानं करायचं होतं. तो महिना मी विसरणार नाही. पट्टी निघाली त्या दिवशी घरी आलो आणि पत्रिकेचा कोरा कागद हातात घेतला. उजव्या डोळ्यानं पाहिला, लख्ख पांढरा, जरासा निळाच. उजवा झाकून डाव्यानं पाहिला, त्यावर कुणी चहा सांडून वाळवल्यासारखा. एक माणूस, एक कागद, दोन पांढरे. दिवसभर लहान पोरासारखा मी एकेक डोळा झाकत घरभर फिरत होतो. बायकोची साडी काळी म्हणून मी वर्षभर ओळखत होतो, ती गडद निळी निघाली.

मग आठवायला लागलं. आधीच्या दोन-तीन वर्षांत ऑपरेटर पोरगा म्हणायचा, "काका, या क्रीम कागदावर फिकट पिवळी वेलबुट्टी आहे." मी म्हणायचो, "कुठाय? काहीच नाही." तो गप्प बसायचा, वयाचा मान ठेवायचा. वेलबुट्टी होती. माझ्या भिंगानंच पिवळा चढवला होता, त्यामुळे पिवळ्यावरचा पिवळा मला दिसत नव्हता. आणि वाईट हे की माझं जग मला कधीच पिवळं वाटलं नाही. हळूहळू चढलेला रंग मन वजा करत जातं. मोने या फ्रेंच चित्रकाराचंही १९२३ साली हेच ऑपरेशन झालं, आणि मग सगळं निळं दिसतंय अशी त्याची तक्रार होती. मी वाचलं तेव्हा म्हटलं, चला, एवढ्या एका बाबतीत तरी आपण त्यांच्या पंक्तीला.

तेव्हा सासूबाईंना वयानं थोडा दुधाळ रंग चढवून दिलेला असू शकतो, आणि तुमच्या हॉलमधल्या एलईडीनं तुम्हाला निळा. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवूच नये. छोटा डबा आणा, दोन हात बाय दोन हात तुकडा भिंतीवर मारा, सकाळी, दुपारी आणि दिवा लावून बघा. सासूबाईंनाही घेऊन बघा. त्यांचा डोळा एकदा तपासून घ्या, ते रंगापेक्षा महत्त्वाचं. शेवटी दोन पांढऱ्यांत अडलातच, तर ज्या व्यक्तीचा त्या हॉलमध्ये दिवसातला जास्त वेळ जातो तिच्या डोळ्याचा रंग द्या.

प्रश्न: "भिन्नरुचिर्हि लोकः" असं कालिदास केव्हाच सांगून गेला. मग आपण पानंच्या पानं कशाला खर्च करता?
– एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी

आपलं पत्र वाचून हसू आलं, कारण हीच ओळ मी एका हायस्कूलच्या व्हरांड्यात रंगवलेली आहे. पन्हाळ्याच्या वाटेवरची शाळा, सुट्टीचे दिवस, बारा सुभाषितांचं काम होतं. संस्कृतचे गुरुजी रोज सायकलवरून यायचे आणि खुर्ची टाकून बसायचे. मी विचारलं, गुरुजी, याचा अर्थ काय? म्हणजे काहीही कुणालाही आवडू शकतं, असंच ना?

गुरुजींनी मला सबंध जागा सांगितली. रघुवंशाचा सहावा सर्ग, इंदुमतीचं स्वयंवर. राजे ओळीनं बसलेत, सखी एकेकाची ओळख करून देतेय. अंगदेशाच्या राजासमोरून इंदुमती नजर काढून घेते आणि म्हणते, चल पुढं. तिथं कवी म्हणतो, तो राजा देखणा नव्हता असं नाही, आणि तिला नीट पाहता येत नव्हतं असंही नाही. आणि मग हे शेवटचे शब्द, लोकांची आवड वेगवेगळी असते. गुरुजी म्हणाले, "लोक शेपूट तेवढं पाठ करतात. आधीची दोन वाक्यं म्हणजे अटी आहेत. वस्तू चांगली पाहिजे, बघणाऱ्याला बघता आलं पाहिजे. मग आवड."

मी 'लोक' लिहून शिडीवरून उतरलो होतो. गुरुजी म्हणाले, विसर्ग राहिला. पुन्हा चढलो, दोन टिंबं दिली आणि खाली आलो. ते उठले, व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथनं ओरडले, "वरचं टिंब जरा डावीकडं गेलंय."

मी मागं जाऊन पाहिलं. गेलं होतं.